ज्ञात दोष : बाबा

वर्तमानपत्रात बातमीदाराचं नाव बातमीच्या डोक्यावर छापतात आणि संपादकाचं शेवटच्या पानाच्या तळाशी. या दोघांच्या मध्ये बसून 'सदर इसम जागीच ठार होऊन मरण पावला' यातलं एक मरण कमी करणाऱ्या उपसंपादकाचं नाव कुठेच छापत नाहीत. माझी तक्रार नाही. सांगायचं एवढंच की, आमच्या बाल्कनीतला कपडे वाळत घालायचा सांगाडा ही माझ्या नावावरची जगातली एकमेव कृती होती, आणि तिच्या बाबतीत पुढे जे घडलं ते घडण्याआधी मला कोणी विचारलं नाही.

बाजारात जो सांगाडा मिळतो त्याला दोन वेगळ्या दोऱ्या असतात. एक ओढली की एक बाजू वर जाते, दुसरी रुसून खाली राहते आणि मधले मोजे भिंतीकडे घरंगळतात. माझ्या सांगाड्याच्या दोन टोकांच्या दोन दोऱ्या छतातल्या कप्प्यांवरून भिंतीपाशी येतात. तिथे मी त्या दोघींची मिळून एक गाठ मारली आणि गाठीपासून एकच दोरी खाली सोडली. एक ओढ दिली की अख्खं धुणं आडवंच्या आडवं वर. पाहुणे आले की मी त्यांना आधी बाल्कनीत नेत असे. बसा, पाणी घ्या वगैरे नंतर. मेहुणे एकदा सांगाड्याकडे बघून "यात नवीन काय?" म्हणाले. तेव्हापासून मी त्यांच्याशी फक्त हवामानावर बोलतो.

सांगाडा कधीकधी डावीकडे कलायचा. कधीकधीच. त्यात दोष भिंतीचा होता, कारण बिल्डरनं ती ओळंब्यात बांधली नव्हती. घरात त्यावर तोडगा निघाला होता: जीन्स उजवीकडे, रुमाल डावीकडे. हा नियम इतका मुरला होता की आमची मुलगी लहानपणी हात ओळखायला शिकली तीच 'जीन्सचा हात' आणि 'रुमालाचा हात' अशी.

ही मुलगी आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या रोबो बनवणाऱ्या संघाची कप्तान आहे. कॉलेजची प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते, आमची बैठकीची खोली होत नाही. त्यामुळे त्या वर्षीचा रोबो आमच्या सोफ्यासमोर वाढला. त्याचं काम असं होतं: जमिनीवरचे चेंडू उचलून ट्रेमध्ये ठेवायचे आणि ट्रे उंच फळीपर्यंत न्यायचा. चेंडू उचलण्यात तो पटाईत होता. पण ट्रे वर जाता जाता तिरका व्हायचा आणि सगळे चेंडू सोफ्याखाली जायचे. सोफा हलवायचं काम वडीलधारा म्हणून माझ्याकडे आलं होतं.

एके दिवशी सकाळी मुलगी दात घासत बाल्कनीत गेली आणि तशीच, ब्रश तोंडात धरून, वर बघत उभी राहिली.

"बाबा, हे सरळ कसं काय वर जातं हो?"

जन्मापासून ते धुणं तिच्या डोक्यावर लोंबत होतं आणि आज तिनं विचारलं. मी सविस्तर सांगितलं. ती मध्येच तोंड धुवायला गेली तरी मी सांगत राहिलो. आठवड्याभरात रोबोच्या अंगावर माझा छोटा सांगाडा उभा राहिला: त्याच कप्प्या, तसलीच सुती दोरी, तीच गाठ. ट्रे सरळ वर गेला. संघात एक मुलगी आहे. तिच्या हातात कायम पाना असतो, म्हणून तिला सगळे पाना म्हणतात. ती म्हणाली, "काका, काय भारी डोकं आहे तुमचं!" हे वाक्य मी बायकोला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. तिनं ऐकलं नसेल असं वाटून पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला गंभीरपणे म्हणालो, "हे स्पर्धेपर्यंत गुप्त ठेवायचं."

"ते टाकलं की आम्ही सकाळी."

"कुठे टाकलं?"

"साइटवर. सगळ्यांसाठी."

"अगं, पण कोणी बघितलं तर?"

"बघायलाच टाकलंय, बाबा."

"प्रतिस्पर्धी?"

"त्यांनीच तर आधी बघितलं. चाकांचा भाग त्यांचाच आहे ना आपल्या रोबोत."

मग हळूहळू जे बाहेर आलं ते असं. चाकांची रचना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका कॉलेजची होती. ती मुलं पिवळ्या टोप्या घालतात आणि अंतिम फेरीत बहुधा तीच समोर येणार होती. मोटारी चालवणारा प्रोग्रॅम समुद्रापलीकडच्या कुठल्याशा संघाचा, ज्यांना आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. बॅटरीचं खोकं गेल्या वर्षीच्या विजेत्यांचं. सगळ्यांनी सगळं उघड्यावर मांडलेलं. मापं, चित्रं, फसलेले प्रयोगसुद्धा. ज्याला हवं त्यानं घ्यावं, सुधारावं आणि सुधारलेलं परत मांडावं, अशी रीत.

"मग यात तुमचं काय?" मी विचारलं.

"ट्रे वर नेणारा भाग. म्हणजे तुमचं."

आमच्या धंद्यात पहिल्या पानाची बातमी छपाई सुरू होईपर्यंत शेजारच्या टेबलालाही सांगत नाहीत. ही मुलं अख्खं पहिलं पान आदल्या दिवशी समोरच्या वर्तमानपत्राला पाठवून वर 'काही चुकलंय का बघा' म्हणून विचारत होती. आणि समोरचे खरंच बघून सांगत होते!

मी साइटवरचं ते पान उघडायला लावलं. वर आमच्या बाल्कनीचा फोटो होता. स्वच्छ उजेडात काढलेला. मधोमध माझं बनियन, काखेतल्या भोकासकट. त्याखाली लिहिलं होतं: 'मूळ रचना : कप्तानाचे बाबा. ज्ञात दोष : गाठ सरकते, त्यामुळे ट्रे कधीकधी डावीकडे कलतो.'

आयुष्यात पहिल्यांदा माझं काम छापून आलं होतं. त्यात नाव नव्हतं. बनियन होतं आणि दोष होता.

"गाठ सरकत नाही!" मी म्हणालो. "भिंत वाकडी आहे!"

"बाबा, रोबोला भिंत नाहीये."

ही गोष्ट जिन्यात पोचायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर एक वकील राहतात. त्यांनी जन्मभर अपघाताच्या भरपाईचे दावे चालवले, त्यामुळे त्यांना कशातही आधी धडक दिसते. ते मला 'संपादक' म्हणतात आणि मी ती चूक दुरुस्त करत नाही. सगळ्याच चुका दुरुस्त करत बसलं तर माणूस एकटा पडतो.

"अहो संपादक, हा तर दिवसाढवळ्या दरोडा! आजच्या आज पेटंट घ्या."

"दोरीचं पेटंट?" बायको म्हणाली.

"वहिनी, हसू नका. चाकाचं कोणी घेतलं नाही, म्हणून आज चाकाची काय अवस्था झालीय बघा. कोणीही उठतो आणि चाक लावतो."

तळमजल्यावरच्या विमा एजंट काकूंचं मत पडलं की, आधी सांगाड्याचा विमा उतरवावा, मग पेटंट. सांगाडा चोरीला गेला तर पेटंट कशाचं दाखवणार?

मला माझं नाव हवं होतं. बाकी कशातही रस नव्हता. एखाद्या सरकारी कागदावर, शिक्क्याशेजारी, 'शोधकर्ता' म्हणून पूर्ण नाव, बस्स. म्हणून मी बुटाच्या खोक्यात सांगाड्याची प्रतिकृती केली आणि पेटंट कचेरीत गेलो. दारावरच्या शिपायानं विचारलं, "यात काय आहे?" मी म्हणालो, "शोध." त्यानं झाकण उघडून आधी वास घेतला.

पहिल्या खिडकीनं दुसरीकडे पाठवलं. दुसरीनं सांगितलं की, ज्या साहेबांकडे हे काम आहे ते जेवायला गेलेत. तिसऱ्या खिडकीवर तेच साहेब होते. ते जेवून आले होते आणि त्यामुळे प्रसन्न होते.

"हे याआधी कुठे प्रसिद्ध झालंय का?"

"घरात सगळ्यांना माहीत आहे."

"घर चालतं. बाहेर?"

"मुलीनं जरा... कॉलेजच्या मुलांसाठी..."

त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. आमची बाल्कनी. स्वच्छ उजेड.

"हे बनियन आपलं?"

बातम्यांचे इन्कार मी रोज छपाईला सोडतो. स्वतःच्या बनियनचा इन्कार कसा करतात ते मला माहीत नव्हतं. "हो," मी म्हणालो.

"मग ते आता सगळ्यांचं झालं."

"बनियन?"

"रचना हो. एकदा जगानं पाहिलेली गोष्ट नवीन म्हणून कशी नोंदवणार?"

मला वाद घालता आला नाही, कारण 'काल दुसरीकडे छापून आलेली बातमी आज आपल्याकडे बातमी नसते' हे वाक्य मी स्वतः नवशिक्या बातमीदारांना ऐकवत आलो आहे. मी खोकं उचललं. साहेब पडद्याकडे बघत आपुलकीनं म्हणाले, "गाठ सरकते म्हणे?"

घरी आलो तर पुढचा अंक तयार होता. आणखी काही संघांनी माझा सांगाडा आपापल्या रोबोवर चढवला होता आणि त्यांचेही ट्रे कलत होते. प्रत्येक वेळी 'कप्तानाच्या बाबांची सरकणारी गाठ' असं कोण लिहीत बसणार? मुलांनी त्या दोषाचं नावच 'बाबा' ठेवलं होतं. मुलगी सोफ्यावर बसून मोठ्यानं वाचत होती आणि पाना पोट धरून हसत होती.

"'आमचा बाबा आज पुन्हा सरकला.' 'बाबा घट्ट आवळून बघितला, उपयोग नाही.' हे ऐक: 'बाबा काढून टाकून दुसरं काहीतरी बसवायचा विचार आहे.'"

"यात हसण्यासारखं काय आहे?" मी म्हणालो. तेव्हा स्वयंपाकघरातूनही हसू आलं.

माझ्या हातात एकच शस्त्र होतं आणि ते मी उपसलं. मी खुलासा लिहिला. वर्तमानपत्री खुलाशाला एक डौल असतो: सुरुवातीला खेद, मध्ये मुद्दा, शेवटी इशारा. मी लिहिलं की, सदर गाठ आमच्या घरी वर्षानुवर्षं समाधानकारक काम करत असून, ती सरकत असल्याचा प्रचार वस्तुस्थितीला धरून नाही. वापरणाऱ्यांनी आधी आपापल्या भिंती तपासाव्यात. मुलीनं एक अक्षरही न बदलता तो टाकला.

मला वाटलं होतं, आता टोमणे येतील. आले ते प्रश्न. दोरी सुती की प्लास्टिकची? किती जाड? गाठ कोणती? आणि पिवळ्या टोप्यांच्या कप्तानानं विचारलं होतं: 'काकांच्या घरी ती चालते आणि आमच्याकडे चालत नाही, तर काहीतरी फरक असणार. गाठ ओली असते की कोरडी?'

मी स्वयंपाकघरात गेलो. "अगं, गाठ ओली असते की कोरडी?"

"कुठली?"

"आपली. बाल्कनीतली."

"तिथे भिंतीवर दोरी अडकवायची खुंटी आहे ना, तिच्यावर माझं ओट्याचं फडकं असतं, त्या गाठीवरच. ओलंच असणार ती."

"नेहमी?"

"फडकं धुवायला टाकते तेव्हा नसतं."

मी शांतपणे बाल्कनीत गेलो. फडकं काढलं, मुलीच्या केस वाळवायच्या यंत्रानं गाठ खडखडीत वाळवली आणि सांगाड्यावर ओली चादर टाकून दोरी ओढली. डावी बाजू संथपणे, एखाद्या म्हाताऱ्यासारखी, खाली बसली. मग फडकं भिजवून गाठीवर टाकलं, जरा वेळ थांबलो आणि पुन्हा ओढलं. चादर सरळ. सुती दोरी भिजली की फुगते आणि गाठ तिला धरून ठेवते. वाळली की सोडते. म्हणजे इतकी वर्षं ज्याला मी माझी रचना म्हणत होतो, त्यात अर्धा वाटा ओट्याच्या फडक्याचा होता. मी मनातल्या मनात बिल्डरची माफी मागितली. भिंतीपुरतीच. बाथरूमच्या उताराचा हिशेब अजून बाकी आहे.

स्पर्धा परवावर आली होती. मी मुलीला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "हे आता तुला आणि मलाच माहीत आहे. स्पर्धा झाली की टाक." मान वर करून बघतो तर तिची बोटं फोनवर चालू.

"काय करतेस?"

"टाकतेय."

"अगं, परवा स्पर्धा आहे!"

"त्यांचीही परवाच आहे, बाबा. नंतर सांगून काय उपयोग? श्रद्धांजली म्हणून?" मग तिनं मला वाचून दाखवलं: 'उपाय : ओलं फडकं. शोध : बाबा आणि आई.'

"आईचं काय यात?"

"फडकं तिचंय."

दाराबाहेरून आवाज आला, "आणि त्या फडक्याचा फोटो टाकू नका हं! थांबा, नवीन काढते."

स्पर्धेच्या सभागृहात शिरलो तेव्हा मला दोन गोष्टी दिसल्या. टेबलांवर चकचकीत रोबो, आणि त्यातल्या कितीतरी रोबोंच्या खांद्यावर ओली फडकी. विज्ञानाच्या मंदिरापेक्षा ते दृश्य भांडी घासून झालेल्या मोरीच्या जवळचं होतं. पंच एका टेबलापाशी थांबले.

"हे काय? मैदानात द्रव पदार्थ आणायला मनाई आहे."

"सर, हा द्रव नाही. फडकं आहे," पाना म्हणाली.

पंचांनी फडकं पिळलं. थेंब पडला. "हा द्रव."

प्रकरण मुख्य पंचांकडे गेलं, तिथून नियम समितीकडे. समिती एका खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शेवटी ध्वनिक्षेपकावरून निर्णय जाहीर झाला: पिळलेलं फडकं हे वस्त्र समजण्यात येईल, न पिळलेलं फडकं हा द्रव समजण्यात येईल आणि ताब्यात घेतलं जाईल. त्याबरोबर सगळे पालक आपापल्या मुलांची फडकी पंचांसमोर पिळायला धावले. बायकोनं आमचं पिळलं. तिचं पिळणं पाहून पंचांनी नुसती मान डोलावली.

अंतिम फेरीत ठरल्याप्रमाणे आम्ही आणि पिवळ्या टोप्या. मुलगी आणि पाना मैदानाच्या रेषेपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. आमच्या रोबोची गाठ भिजवून झाली होती. जास्तीचं नवीन फडकं, चांगलं ओलं आणि पिळलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या मांडीवर होतं. तेवढ्यात पिवळी टोपी घातलेली एक मुलगी प्रेक्षकांच्या रांगेतून वाट काढत आली.

"काका, तुम्हीच ना बाबा?"

"हो," मी म्हणालो. नाकारण्यात अर्थ नव्हता.

"आमचं फडकं पंचांनी ठेवून घेतलं. नीट पिळलं नव्हतं म्हणे. दिव्यांमुळे गाठ सगळी वाळली, आणि आमचा बाबा..." ती एकदम थांबली. "म्हणजे, ट्रे कलतोय."

'गाठ घट्ट मारा, बाळ,' असं मी म्हणू शकलो असतो. हा सल्ला खरा होता आणि निरुपयोगी होता. असले सल्ले आम्ही रविवारच्या पुरवणीत छापतो. माझ्या मुलीची पाठ माझ्याकडे होती. तिला कधीच कळलं नसतं. पण समोरच्या टेबलावर जो ट्रे कलत होता तो माझा होता. माझी दोरी, माझी गाठ, माझं नाव. भर सभागृहात तो पुन्हा डावीकडे बसला असता, तर लोक म्हणाले असते, बघा, बाबा सरकला.

मी फडकं बाहेर काढलं आणि मधोमध फाडायला घेतलं. ओट्याचं फडकं टर्रकन फाटतं असा माझा समज होता. तो जुन्या फडक्यांबद्दल असावा. हे नवीन होतं. मी हातांनी ओढलं, गुडघ्यात धरून ओढलं, शेवटी दात लावले.

"अहो, लोक बघतायत," बायको म्हणाली आणि पर्समधून छोटी कात्री काढून दिली.

"अर्धं घे," मी त्या मुलीला म्हणालो. "आणि पंचांसमोर पुन्हा पिळ."

घंटा झाली. दोन्ही रोबोंनी चेंडू गोळा केले आणि दोन्ही ट्रे वर निघाले. दोन्ही सरळ. दोन्ही माझे. मी कोणासाठी श्वास रोखून धरलाय ते मलाच कळेना. पिवळ्या टोप्यांच्या रोबोनं वेळ संपता संपता आणखी एक चेंडू फळीवर ठेवला आणि आम्ही हरलो.

मुलगी क्षणभर तशीच उभी राहिली. मग जाऊन त्यांच्या कप्तानाच्या गळ्यात पडली, आणि धावत आमच्याकडे आली. "बाबा, त्यांचा ट्रे बघितलात? एकदासुद्धा कलला नाही!"

"फडकं मी दिलं त्यांना," मी म्हणालो.

"माहितीये. पानानं मागे वळून बघितलं. म्हणाली, तुम्ही दातांनी फाडत होतात."

"रागावलीस?"

तिनं विचार केला. "थोडीशी. एका चेंडूपुरती."

बक्षीस घेताना पिवळी टोपी माइकवर म्हणाली, "आम्ही आज जिंकलो ते बाबांमुळे." त्याबरोबर सभागृहातल्या प्रत्येक बापानं मान ताठ केली आणि शेजाऱ्याकडे नम्रपणे पाहिलं. बायकोनं कोपरखळी मारली, "उठा ना!" मी उठलो नाही. एवढ्या बापांच्या हक्काच्या क्षणात एकट्यानं खुलासा करणं बरं दिसलं नसतं.

पुढच्याच आठवड्यात पिवळ्या टोप्यांनी सुधारित रचना मांडली. गाठच नाही. दोन्ही दोऱ्या एकाच रिळावर गुंडाळायच्या आणि रीळ दांड्यानं फिरवायचं. फडक्याचीही गरज नाही. मी दोन दिवस त्या पानाकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी स्टूल घेऊन बाल्कनीत गेलो, जुनी गाठ सोडली आणि त्यांनी लिहिलं होतं तसं, शब्दाला शब्द लावून, रीळ बसवलं. ओली चादर टाकली. दांडा फिरवला. उजवी बाजू डौलात वर गेली, डावी तितक्याच डौलात खाली आली आणि चादर माझ्या डोक्यावर पडली.

चादरीच्या आत उभं राहून मी विचार केला. बाहेर येऊन त्यांचं पान पुन्हा वाचलं. दुसरी दोरी रिळावर कोणत्या दिशेनं गुंडाळायची, हे लिहायचंच राहिलं होतं. दोन्ही एकाच दिशेनं गुंडाळल्या आणि सांगाडा वर गेला. सरळ, न कुरकुरता, माझ्या गाठीनं कधी नेला नव्हता इतका सरळ.

मी बसून त्यांना लिहिलं. खेद नाही, इशारा नाही; कुठली पायरी सुटली, त्यामुळे काय होतं, आणि तिथे कोणतं वाक्य घालावं, एवढंच. चादरीचा उल्लेख केला, कारण पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल. लगेच उत्तर आलं: 'थँक्यू! दुरुस्त करतोय. श्रेय म्हणून कोणाचं नाव लिहू?'

मी माझं पूर्ण नाव टाइप केलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पडद्यावर ते जरा वेळ बघितलं. या नावाचा माणूस कोण, हे त्या मुलांतल्या एकालाही कळलं नसतं. उपसंपादकाच्या सवयीनं मी ते खोडलं आणि लिहिलं: 'बाबा.'

"अहो," बायकोनं आतून विचारलं, "आता जीन्स कुठेही घातली तर चालेल ना?"

"कुठेही घाल."

ती बादली घेऊन आली, रिळाकडे थोडा वेळ बघत राहिली आणि जीन्स उजवीकडे घातली. मग ओट्याचं अर्धं फडकं झटकून त्याच खुंटीवर टाकलं.